नकूलाच्या वजनाचं तेल

नकूला दारातून वाकून आत आला तेव्हा अफीफेने त्याला आधी मिठीत घेतलं, आणि मग, कुणाला कळणार नाही असं, मनातल्या मनात तोललं.

हा तिच्या बहिणीचा, सल्माचा नातू. चिलीत जन्मलेला, तिथेच वाढलेला. आता एका सत्रासाठी बेथलेहेमच्या विद्यापीठात शिकायला आला होता. बेथलेहेमशेजारच्या तिच्या बैत जाला गावातली निम्मी घरं चिलीत मुलं-नातवंडं धाडून बसली आहेत, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण पोर उंच, रुंद खांद्यांचं, दरवाजाभर होतं. तिला भरून आलं आणि लगेच तेलाचा हिशोबही आठवला.

तो जन्मला तेव्हा दिवस भरले नव्हते. सल्माने फोनवर रडत सांगितलं होतं, "रोटीएवढा आहे गं. काचेच्या पेटीत ठेवलाय. तू तिथे आहेस, तूच जा." अफीफे हाताला कणीक तशीच ठेवून मार नकूलाच्या, म्हणजे संत नकूलाच्या, चर्चमध्ये गेली. खालच्या गुहेत संताच्या तसबिरीपुढे उभी राहून म्हणाली, "हे पोर जगू दे. त्याला तुझ्यापुढे आणीन, आणि आणीन तेव्हा त्याच्या वजनाइतकं तेल तुझ्या दिव्यांना घालीन. माझ्या ऑलिव्हच्या झाडांचं."

पोर जगलं. नाव संताचंच ठेवलं. "पुढच्या उन्हाळ्यात आणतो," असं सल्मा दरवर्षी म्हणायची. कधी तिकिटं महाग, कधी वाटा बंद, कधी कुणाचं आजारपण. तिकडे पोर वाढत गेलं आणि त्याच्याबरोबर नवसही. इकडे झाडं कमी झाली. बरीचशी लष्कराने उभारलेल्या उंच भिंतीच्या पलीकडे राहिली. गेल्या वर्षी सल्मा गेली. शेवटच्या फोनवर धाप लागत असतानाही तिने एवढंच सांगितलं, "नवस त्याच्या अंगावर ठेवू नको."

आणि आता पोर दर शनिवारी जेवायला येत होतं. पाहुण्याला, त्यातून सल्माच्या नातवाला, कमी वाढायचं कसं? अफीफे मकलूबेचं पातेलं परातीत उलटं करी. वांगी, कोंबडी, वाफाळता भात त्याच्यापुढे सरकवी. तो चाटूनपुसून खाई. मग तिचा हात वाडग्यावर अडखळे.

शेजारची हन्ने सगळं जाणून होती. "वाढ की अजून," ती भिंतीवरून म्हणायची, "संताचाच फायदा."

"तू तुझी भांडी घास, हन्ने."

"घासते. तू मात्र त्याला मुळा आणि काकडीवर ठेव बाई."

नकूलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अभ्यासासाठी त्याला पवित्र जागांवर लिहायचं होतं. जन्मस्थानाच्या चर्चच्या बुटक्या दारातून तो वाकून जाऊन आला, मेंढपाळांच्या मैदानात बसून आला, जेरुसलेमला तर दोनदा. आला की मोबाईलवर फोटो दाखवायचा.

"आणि आपल्या मार नकूलाकडे?" अफीफे विचारी.

"ते तर गल्लीतच आहे, खाल्तो. जाईन की कधीही."

खाल्तो म्हणजे मावशी. सगळं गावच तिला खाल्तो म्हणे. पण त्याच्या मोडक्या अरबीतून ते ऐकलं की तिच्या ओठांवर आलेला नवस परत आत जाई. परदेशातलं शिकलेलं पोर. हसेल, नाहीतर घाबरेल.

ऑलिव्ह उतरवायचे दिवस आले तेव्हा तो आपण होऊन आला. शिडीवर चढला, शेंड्यापर्यंत फांद्या झोडल्या. फळ त्या वर्षी बारीकच होतं. घाण्यावरून दोन डबे तेल आलं. हिरवं, घशाला चरचरणारं, उत्तम तेल. पण दोनच डबे.

पुजारी अबूना सलीबा तिथेच होते. ते हळूच म्हणाले, "खाल्तो, जन्मला तेव्हाचं वजन धर ना. दोन बाटल्यांत काम होईल."

"आणीन तेव्हाचं, असं बोलले होते मी. देवाच्या दारात मापात पाप नको, अबूना."

नकूलाने ऐकलं. घरी येताना विचारलं, "कसलं वजन?"

मग तिला सांगावंच लागलं. तो हसला नाही. त्याने एक डबा उचलून हातात तोलून पाहिला.

"म्हणून तू मला वाढताना अशी बघतेस?"

"कशी बघते?"

"खाटकासारखी."

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. तो म्हणाला, "बाकीचं तेल मी विकत घेतो." तिने मान हलवली, विकतचं तेल तिच्या झाडांचं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्याने ताट अर्धंच ठेवलं, तेव्हा मात्र ती कडाडली, "जेव मुकाट्याने. वर गेल्यावर सल्माला काय तोंड दाखवू? उपाशी ठेवून नवस स्वस्तात फेडला म्हणून?"

संताच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात घाण्यावरचा जुना तराजू टांगला. एका फळीवर दोन डबे ठेवले. दुसऱ्या फळीवर नकूला बसला, कानापर्यंत लाल होऊन. त्याचं पारडं जमिनीला टेकलं आणि टेकूनच राहिलं. डबे वर लोंबत होते. जमलेल्या बायका पुढे सरकल्या. हन्नेसुद्धा.

अफीफेने चपला काढल्या. "हन्ने, हात दे," म्हणाली. दोघीतिघींनी फळी खाली ओढून धरली आणि ती डब्यांना पाठ टेकून बसली, झग्याचा घोळ आवरून. बायकांनी हात सोडले. दांडा कुरकुरला. नकूलाचे पाय जमिनीवरून सुटले. दोन्ही फळ्या थोड्या डुलल्या आणि समोरासमोर थांबल्या.

"खाल्तो," अबूना म्हणाले, "तेल दिव्यात ओतता येतं. तुला कशात ओतू?"

"दिवे रोज कोण भरतं?"

"मीच. कधी राहूनही जातं."

"आता राहणार नाही, रोज मी भरीन. माझ्या वजनाइतकं तेल असं फिटेल. चालेल का, ते त्यांना विचारा." तिने गुहेकडे बोट केलं.

अबूना आत गेले नाहीत. टोपी काढून तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "विचारायचं काय त्यात."

बायकांनी फळ्या धरल्यावर नकूलाने उतरून तिला खाली घेतलं, आणि डबे उचलून तिच्यामागे गुहेत गेला. तसबिरीपुढे उभा राहिला. काय करायचं हे त्याला कळेना, तेव्हा तिने त्याच्या हातात तेलाचा लोटा दिला.

सण झाल्यावर तो परत गेला. अफीफे आता सकाळी भाकरी टाकण्याआधी गुहेत जाते, वाती कातरते, दिवे भरते. रविवारी त्याचा फोन येतो. एकदा तो म्हणाला, परीक्षेच्या धावपळीत वजन चांगलंच उतरलंय, म्हणजे तुझं काम कमी झालं.

अफीफे इतकी रागावली की हन्ने भिंतीवरून डोकावली.