सांध्यातल्या रिंगा

हिरामण नाना कुणाच्या घरी गेले की आधी पाणी मागत नसत, आधी कॉलम बघत. एकदा खापरला एका लग्नात वधूपित्याने गळाभेटीसाठी हात पसरले, तर नाना त्याला ओलांडून मागच्या कॉलमला जाऊन भेटले. तिथूनच ओरडले, "भाऊ, लगीन झकास शे, पन तुन्हं घर लंगडं शे!" अर्धं वऱ्हाड ताटावरून उठून रस्त्यावर गेलं. बरं, पाव म्हणा. पण वधूपिता नक्की गेला.

नानांचा धंदा सळई बांधण्याचा. सोळा एमएमची सळई आणि नाना शेजारी उभे केले तर जाड कोण, हे मोजूनच ठरवावं लागे. कॉलमच्या उभ्या सळयांना जे लोखंडी चौकोन आवळतात, त्या रिंगा. बाकीचे मिस्त्री वीत-वीत अंतरावर बांधून मोकळे होतात, लोखंडही वाचतं. नाना मात्र बीम जवळ आला की चार बोटांवर रिंग घालत आणि तिची दोन्ही टोकं आत, कॉलमच्या पोटात वळवत.

"धरती हालनी का खालनं आंग सरकस, वरलं मांगे ऱ्हास," ते सांगत. "मंग कॉलम तिरपा चिरास, कात्रीनी कापावा तसा. तवय त्याले पोटाशी कोन धरी? रिंग धरी."

हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. तरुणपणी कच्छमध्ये एका तीन मजली इमारतीची सळई त्यांनी बांधली होती, वीतभर अंतराच्या रिंगांनी. भूकंपानंतर ढिगारा उपसायला गेले, तर तिच्या सळया छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर आलेल्या, रिंगा उघडलेल्या. "तारनी गाठ मन्ही व्हती," एवढंच म्हणत. आत कोण होतं, हे मी विचारलं नाही. एरवी मी मुक्याकडूनही चार गोष्टी काढून घेतो.

मग खापरला माझ्या दुकानाचं आणि वरच्या घराचं बांधकाम निघालं. खाली तीन शटर, समोर भिंत नाही. सगळी मदार कॉलमवर. स्लॅबच्या दिवशी नानांचा मधल्या कॉलमचा सांधा तेवढा बांधायचा राहिला. बीम तिथेच येऊन मिळतात, सळयांची ही गर्दी, त्यात रिंग शिरेना. इकडे मिक्सरमध्ये काँक्रीटचा माल गरगरतोय, चारशे मजूर खोळंबलेले. बरं, चौदा. नाना त्या सांध्यावरच मांडी ठोकून बसले.

"दोन घंटा दे, शेठ."

"नाना, माल सुकतो!"

"माल फेकी दे. माल नवा इ जाई. मानूस येत नही."

मी दोघांना सांगून त्यांना उचलून खाली आणवलं. पोरं हसत होती, मीही हसलो. माल ओतला. पुढे नाना दुकानावर आले तरी रस्त्यावरच उभे राहून सामान घेत.

गेल्या साली फुप्फुसांनी त्यांना आडवं पाडलं. धानोऱ्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर उशीवरून पहिला प्रश्न, "मधला कॉलम?"

"मजबूत करून घेतला, नाना! चारी बाजूंनी नवी सळई, नवा माल. सुरतेहून दोन इंजिनिअर आणले, तिसरा नुसता शाबासकी द्यायला."

त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "रिंगा चार बोटवर?"

"तीन!"

"सांधामा कशी घाली? आडवा तर बीम शे."

बीमला भोकं पाडून त्यातून सळई ओवावी लागते, हे मला नंतर कळलं. त्या कॉलमला तोवर कुणी हातच लावला नव्हता.

"वर कोन झोपस?"

"सून," मी म्हणालो. "आणि नात."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चार दिवसांनी गेले.

त्यांना पोहोचवून आलो आणि सुनेला वरचं घर रिकामं करायला सांगितलं. तिने कारण विचारलं. नानांना सांध्यावरून उचलायला कुणी सांगितलं होतं, ते मग तिला सांगावं लागलं.