मिठूच्या जागी आलेला

आमचा मिठू उडाला तो आईच्या हातून. तिनं पिंजरा धुवायला घेतला होता, कडी नीट लागली नाही, आणि तो रिसालीच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमागच्या कडुनिंबावर, रानपोपटांच्या थव्यात जाऊन बसला. आई धड जेवेना.

अशात एका सकाळी अंगणातल्या पेरूवर, पतंगाच्या मांज्यात अडकलेला पोपट दिसला. तसाच लाल कंठ, तशीच लांब शेपटी. बाबांनी टॉवेल टाकून त्याला धरला. त्यानं बाबांचं बोट फोडलं, तरी मिठू परत आला म्हणून घरात दिवाळी. आई मात्र दुधानं पोळलेली, ताकही फुंकून पिणारी. तिनं शिवणाची कात्री आणली आणि त्याच्या पंखांची लांब पिसं छाटून टाकली.

बाबा प्लांटमधून परतले, सायकलची घंटी वाजली, की मिठू ओरडायचा, "बाबा आले, चहा मांड." आता तो गप्प. भिजवलेल्या डाळीला चोच लावेना.

"रुसला हाय तो," आई म्हणायची. आमच्या घरात रुसवेफुगवे रोजचेच, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मी तर त्याला मिरची दाखवून चिडवायचो.

मग एक दिवस घंटी वाजली आणि आवाज आला तो कडुनिंबावरून. "बाबा आले, चहा मांड."

बाबा सायकल धरून तसेच उभे राहिले. आईनं वर पाहिलं, मग पिंजऱ्याकडे.

"आपला तर वर हाय," ती हळूच म्हणाली. "मंग मी कोनाचे पंख कापले?"

सोडावा तर उडणार कसा? खाली मांजरं टपलेली. पिसं येईपर्यंत त्याला ठेवणं भाग होतं. संध्याकाळी थवा परतला की तो दांडीच्या टोकाला सरकून ओरडत राहायचा. आई घरात निघून जायची. मलाही त्याच्याकडे बघायची लाज वाटायची.

कित्येक महिन्यांनी पिसं भरली. आईनं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि सगळे लांब उभे राहिलो. तो दारापर्यंत आला, कडुनिंबाकडे पाहिलं, आणि परत जाऊन दांडीवर बसला. दार तसंच उघडं राहिलं.

दुपारी बाबांची घंटी वाजली. पिंजऱ्यातून पहिल्यांदाच तुटक आवाज आला, "चहा मांड."

आई पायरीवर बसून रडली. त्या दिवशी चहा बाबांनीच मांडला.