दादाच्या कोटातली ओळ

"मी कसलं परीक्षण लिहितोय? मला रजेचा अर्ज धड जमत नाही!"

"मग दादा, 'माझ्या नेढ्यातून आभाळ जातं, दोरा तेवढा अडतो' ही ओळ त्या समीक्षकाला कुठे दिसली? ती पुस्तकात नाहीच!"

शिंपीणताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपडे शिवता शिवता ती कविता करायची. पुस्तकातून गाळलेल्या ओळी वाया जाऊ नयेत म्हणून घरच्यांच्या कपड्यांच्या अस्तरावर रेशमाने भरायची. ही ओळ एकट्या दादाच्या कोटात होती.

दादाने नकळत कोटाची बटणं लावली. "सहा महिने तुझ्या कवितांच्या पुस्तकावर कुणी चकार शब्द लिहिला नाही. तू रोज पेपर चाळायचीस. बघवेना मला."

"म्हणून खोट्या नावाने बहिणीचे ढोल बडवलेस?"

"पण वाचलं होतं गं मी. सगळं."

ती मटकन स्टुलावर बसली. शिलाईयंत्रासमोर आणखी दोन परीक्षणांची कात्रणं चिकटवलेली होती, दोन वेगळ्या नावांची. या तिन्हींच्या भरवशावर ती पुढच्या महिन्यात दुकान बंद करून नुसतं लिहिणार होती.

"दादा, आणि ही दोन?"

दादाने चपला पायात सरकवल्या आणि मान खाली घालून तो दाराबाहेर पडला.