उलटा फिरलेला पंखा

आमचा धर्माबादचा मिरचीचा कारखाना माझ्या नाकामुळे बंद पडला.

तसं सांगायला कारण अप्पांचा खोकला आहे. आजोबांनी दोन कांडप यंत्रांवर सुरू केलेला हा धंदा माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये नेला आणि धूळ बाहेर फेकायला भिंतीत भला थोरला पंखा बसवला. उभा जन्म तिखटात गेला, पण त्यांच्या डोळ्यांना कधी पाणी आलं नाही. आईचंही तेच. आमच्या घरात कांद्याला रडतात, मिरचीला कोणी विचारत नाही! शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, "काका, आता मिरची बंद."

मग कारखाना बघायचा कोणी? एकुलता एक वारस मी. आणि मला मिरचीचं पोतं नुसतं गल्लीतून गेलं तरी सटासट शिंका येतात. (सोयरीक घेऊन आलेली दोन घरं मला जुनाट सर्दीचा रोगी समजून चहा न घेताच परत गेली.) म्हणून मी नांदेडला विम्याच्या ऑफिसात चिकटलो आणि अप्पांनी कारखाना लातूरच्या एका शेठना विकला. शेठ तिथे जारच्या पाण्याचा प्लांट टाकणार होते. पाण्याचा!

ताबा द्यायच्या दिवशी शेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन सकाळीच हजर. अप्पांच्या मात्र किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट.

"देऊन टाका की आता," आई म्हणाली.

"देतो. एक पोतं दळू दे. शेवटचं."

"आन् डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"पंखा लावतो ना. धूळ सगळी बाहेर जाती."

पण पंख्याच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. वायरमन हदगावला लग्नाला गेलेला. अप्पांचा चेहरा इतका उतरला, की मी पुढे सरसावलो, "त्यात काय! मी जोडतो."

"साहेब, राहू द्या," यंत्रावरचे जुने कामगार रशीदचाचा म्हणाले.

"चाचा, तीनच तर वायरी आहेत!"

शिंकत शिंकत मी जोडल्या. खटका ओढला. पंखा गरगर फिरला. मी कॉलर ताठ केली. चाचांनी पोतं ओतलं, यंत्र धडधडायला लागलं, आणि अप्पा डोळे मिटून तो आवाज ऐकत उभे राहिले.

तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली तर असला पंखा उलटा फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. आतली धूळ बाहेर जाण्याऐवजी बाहेर साचलेली वर्षानुवर्षांची मिरचीच आत आली! शेडभर लाल ढग!

"बंद करा! पंखा उलटा फिरून राहिला!" चाचा ओरडले.

बंद कोण करणार? खटक्यापाशी मी होतो आणि प्रत्येक शिंकेला माझा हात खटक्यावरून सुटत होता. शेठ पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून ढसाढसा रडत होते. अप्पा खोकत खोकत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, "रडू नका हो शेठ. कारखाना आम्ही इकलाय, तुम्ही न्हाई."

शेवटी आईनं येऊन खटका पाडला आणि सगळ्यांना अंगणात ओढत आणलं.

तिथे मी अप्पांकडे पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"मिरची लई तेज होती," ते म्हणाले.

आईनं नुसता पदर पुढे केला.

शेठनी नाक पुसून हात पुढे केला. अप्पांनीही मूठ पुढे नेली, पण ती उघडेचना. दोनदा प्रयत्न केला. बोटं सुटत नव्हती.

"राहू द्या, काका," शेठ ओशाळून म्हणाले. "मी उद्या येतो."

मला ते बघवेना. मी अप्पांचा हात धरला. "अप्पा, नका देऊ किल्ल्या. मी नोकरी सोडतो. मी चालवतो कारखाना."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझं सुजून भोपळा झालेलं नाक पाहिलं. मग मान वळवून पंख्याकडे पाहिलं.

"घ्या शेठ," ते म्हणाले आणि जुडगा त्यांच्या हातात ठेवला. "उद्या नको. आत्ताच घ्या."

मुलगा म्हणून मी अप्पांच्या उपयोगी पडलो तो एवढाच!