वेग मोजणारं यंत्र

शहापूरहून किन्हवलीला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. त्याचा पाय सारखा हलत होता. मोबाइलवर तो बंदुकीच्या गोळीचा वेग मोजणारी यंत्रं पुन्हा पुन्हा बघत होता.

"पोरगी एअर रायफल खेळते," तो म्हणाला. "गोळी खाली लागते. शिकवनारे सर म्हनतात, तिचा हात कापतो. मला वाटतं, बंदूकच वेग धरत नाय. हे रडारवालं यंत्र बंदुकीच्या बाजूला ठेवायचं. नेमाच्या आड येत नाय."

"मग मागवा की."

"आन् बंदूक बरोबर निघाली तर?"

किन्हवली आली तेव्हा दारात थांबून त्याने रडारवालं मागवलं.

"आधी मी एकटाच मोजून बघनार," तो म्हणाला. "बंदूक बरोबर निघाली, तर तिला सांगायला धीर गोळा करायला पायजे."