वायपरसाठी एक हुक

"पाणी वरच्यांचंच आहे हो. पण सेक्रेटरीच्या घरी जाऊन त्याचंच बाथरूम गळतंय, हे सांगणार कोण?"

हे वाक्य डक्टमधून वर चढत आमच्या बाथरूमच्या खिडकीतून आत आलं. बोलत होत्या खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकू. ऐकत होते मी, तोंडात टूथब्रश धरून. वरचे म्हणजे आम्ही आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे माझे पप्पा. मी नळाला हात न लावता तोंडातला फेस गिळून टाकला. (आमच्या बेसिनमध्ये थुंकायची माझी हिंमत उरली नव्हती. का, ते सांगते.)

आमच्या घरात भिंतीला खिळा मारायचा तर आधी पप्पांना कारण सांगावं लागतं, मग जागा दाखवावी लागते, मग पप्पा "बघू" म्हणतात आणि विषय संपतो. माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटची फ्रेम अजून सोफ्यामागे उभी आहे आणि मला नोकरी लागून दोन वर्षं झाली! त्यामुळे बाथरूमच्या दारामागे उभा केलेला वायपर रोज कुणाच्या ना कुणाच्या पायावर पडत होता, तरी त्याच्यासाठी हुक मागायला मी गेले नाही. मी एक व्हिडिओ बघितला. त्यात एका बाईने नेलपॉलिश न खरवडता चार मिनिटांत अख्खं कपाट भिंतीला लावलं. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या माणसांना व्हिडिओंचा फार आधार असतो. ते उलटून प्रश्न विचारत नाहीत.

प्रश्न होता फक्त ड्रिलचा. ते बिल्डिंगमध्ये एकाच घरात होतं, सावंतकाकांच्या. त्यांच्या भावाने ते मस्कतहून आणलेलं. काका ते टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवत आणि मागणाऱ्याला "बिघाडलाहा" असं सांगत. मी दुपारी गेले तेव्हा काका झोपले होते.

"हळूच ने आणि हळूच आण," काकू कुजबुजल्या. "ह्यांना कळलं ना गार्गी, तर घराच्या आधी मला विकतील."

घर त्यांनी खरंच विकायला काढलं होतं. काकूंचे गुडघे गेले होते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि बारा पायऱ्या चढायला काकूंना दोन वेळा बसावं लागायचं. मालवणजवळ त्यांचं बैठं घर अर्धं बांधून थांबलं होतं. हे घर विकलं की तिथे छप्पर पडणार, असा हिशोब होता.

तर मी बेसिनखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ड्रिल लावलं. आधी टाइलचा पांढरा भुगा आला. मग विटेचा लाल. मग काळपट, ओला. 'भिंत जुनी आहे,' मी मनात म्हटलं, हुक बसवला आणि वायपर लटकवला. झकास!

संध्याकाळी आईने बेसिनमध्ये हात धुतले आणि हुकातून पाणी ठिबकायला लागलं.

बेसिनचं सांडपाणी नेणारा पाइप भिंतीच्या आतून जातो, हे त्या व्हिडिओवाल्या बाईने सांगितलं नव्हतं. मी धावत जाऊन पांढरं सिमेंट आणलं आणि हुकाभोवती थापलं. ठिबकणं थांबलं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी सिमेंटचा फोटोसुद्धा काढला! पण पाणी थांबत नाही, ते पत्ता बदलतं. चौथ्या दिवशी सावंतांच्या पॅसेजच्या छतावर ताटाएवढा ओला डाग उमटला. आठव्या दिवशी त्याचे पोपडे निघाले. बाराव्या दिवशी काकूंनी त्याच्याखाली बादली ठेवली. आणि मी ऑफिसला उशीर होतोय असं सांगून स्वयंपाकघरात दात घासायला लागले.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. जेवताना मी दोनदा "पप्पा" एवढं म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी मला आमटी वाढली. मग 'डिअर पप्पा, रिगार्डिंग द बाथरूम' असा मेसेज लिहिला आणि पुसला. इंग्रजी शाळेत मला दहा प्रकारे माफी मागायला शिकवलं होतं, पण त्या सगळ्या प्रकारांच्या आधी गुन्हा कबूल करावा लागतो, हा धडा बहुधा मी गैरहजर असताना झाला. आणि ड्रिल? ते माझ्या पलंगाखाली, लॅपटॉपच्या बॅगेत. ते परत करायचं म्हणजे कशासाठी नेलं होतं ते सांगणं आलं!

खाली काका पडद्यांचे रॉड काढायला निघाले आणि डक्टमधून गर्जना आली. "माझो ड्रिल खंय गेलो? कोणी नेल्यान?"

"मला काय माहीत?" काकूंचा आवाज.

तेव्हापासून खालच्या घरात काकू घाबरलेल्या आणि वरच्या घरात मी.

शनिवारी संध्याकाळी काका शेवटी वर आले. खुर्चीच्या टोकावर बसले. पप्पांशी बोलताना ते मालवणी आवरून घेत.

"सेक्रेटरीसाहेब, उद्या अकराला पार्टी येतेय. घर दोनदा बघून पसंत केलंय, उद्या टोकन देणार. पण तो डाग... तुमच्या बाथरूममधून तर..."

"आमच्या?" पप्पा उभेच राहिले. "अशक्य! अहो, या घरात मी एक खिळा मारू दिलेला नाही!"

मी पाण्याचा ग्लास ठेवायला आले होते, तो घेऊन तशीच आत गेले.

पप्पांचा संशय तिसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या कांबळेकाकांना त्यांनी नोटीससुद्धा दिली होती. कांबळेकाका शांतपणे म्हणाले होते, "साहेब, माझं पाणी पहिल्या मजल्यावर जायचं तर वाटेत तुमचं घर लागतं ना?" त्यावर पप्पा म्हणाले होते, "पाण्याचं काही सांगता येत नाही."

"उद्या सकाळी टेस्ट," पप्पांनी जाहीर केलं. "रंगाचं पाणी ओतू. रंग खाली उतरला तर खर्च माझा आणि राजीनामाही माझा!"

प्लंबर आणतात तो साधा रंग पप्पांना मान्य नव्हता. त्यांनी माळ्यावरून रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग काढला. पाकिटावर 'एकदम पक्का' असं लिहिलेलं. रविवारी दहा वाजता बाथरूममध्ये पप्पा आणि दोन बादल्या, दारात आई आणि कांबळेकाका, खाली डागाकडे मान वर करून सावंतकाका. मी पॅसेजमध्ये, भिंतीला पाठ लावून.

पप्पांनी पाणी जमिनीवर ओतलं. टाइलवर, कोपऱ्यांत, जाळीत. अर्धा तास गेला. खालून काकांची आरोळी आली, "काय नाय! पांढराच आसा!"

काही नसणारच ना! जमीन बिचारी निर्दोष होती.

"बघितलंत?" पप्पांनी विजयी वीरासारखे दोन्ही हात वर केले. ते कोपरापर्यंत गुलाबी झाले होते. "अगं, हे जाईल ना? साबण दे!" असं म्हणत ते बेसिनकडे वळले.

पप्पा, बेसिनमध्ये नको! हे वाक्य माझ्या डोक्यात तयार झालं, घशापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पप्पांनी नळ पूर्ण सोडला. रंग पक्का होता. पप्पांनी हात तीनदा धुतले. मग प्लास्टिकचा मग धुतला, नंतर दोन्ही बादल्या बेसिनमध्ये तिरप्या धरून विसळल्या. एवढा गुलाबी पूर त्या पाइपाने जन्मात पाहिला नसेल. आईने ब्रश दिला.

"चला, आता खाली जाऊन सावंतांच्या पार्टीला मीच सांगतो," पप्पा म्हणाले. "सेक्रेटरीच्या शब्दाला वजन असतं. गार्गी, तूपण चल. जरा माणसांत बस."

खाली घर घेणाऱ्या हेतलबेन आणि त्यांचे मिस्टर आलेच होते. हेतलबेन बोरीवलीतच वाढलेल्या, मराठी आमच्यापेक्षा फाडफाड. अंगात पांढराशुभ्र चिकनचा कुर्ता. काकू चहा घेऊन आल्या. हेतलबेन पॅसेजमध्ये उभ्या राहून डागाकडे बघत होत्या.

"हे मागच्या वेळी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"ते किरकोळ आहे," पप्पा छाती काढून म्हणाले. "वरचं बाथरूम माझंच. आत्ताच टेस्ट केली. माझ्याकडून एक थेंबही..."

टप्प.

थेंब हेतलबेनच्या खांद्यावर पडला. गुलाबी. मग दुसरा. मग डागाच्या मधोमध गुलाबी फूल उमलावं तसा रंग पसरत गेला. सगळ्यांनी वर बघितलं, मग पप्पांच्या हातांकडे. पप्पांनी हात पाठीमागे घेतले.

"ये क्या है?" हेतलबेनचे मिस्टर म्हणाले. "बिल्डिंगमें प्रॉब्लेम है क्या, हेतल? छोड़ ना, दूसरा देखते हैं."

काकू स्टुलावर बसल्या. नुसता गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. काकांनी छत्री उघडायला घेतली, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

"हे तिसऱ्या मजल्याचंच..." पप्पांनी सुरुवात केली.

"भोक मी पाडलंय."

आवाज कुणाचा, हे मलाच आधी कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा खात्री पटली.

"बेसिनखाली. वायपरच्या हुकासाठी. पाइपला लागलं. मग मी वरून सिमेंट लावलं. फोटो आहे," मी म्हणाले, आणि खरंच फोटो दाखवला.

पप्पांच्या चेहऱ्यावर राजीनामा लिहिलेला दिसत होता. हेतलबेननी फोटो मोठा करून बघितला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "अगं, आम्ही इतकी घरं बघितली, सगळीकडे वरचे म्हणतात आमचं नाही, खालचे म्हणतात वरच्यांचं. गळतं कुठून ते कुणी सांगतच नाही. इथे पत्ता तरी कळला! पाइप बदला, छत रंगवून द्या, कागदावर तसं लिहा. टोकन आज देते." मग खांद्याकडे बघून म्हणाल्या, "हे मात्र जाणार नाही ना?"

"पाइप, छत आणि ड्रेस, तिन्ही माझ्याकडे," पप्पा तोंडातल्या तोंडात म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले. काका छत्री मिटून माझ्याजवळ आले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चेडवा, खरा बोललंस, बरा केलंस. आमचा घर वाचला." मला इतकं हलकं वाटलं की मी पहिल्यांदा चहाचा घोट घेतला.

मग काकांच्या कपाळाला हळूहळू आठी पडली. "पण गो, टाइलीक भोक पाडलंस कशान?"

त्यांच्या मागे काकू डोळे मोठे करून जोरजोरात मान हलवत होत्या. पण तीन आठवडे बंद असलेलं माझं तोंड एकदा उघडलं होतं, आणि गळती कुठलीही असो, ती थांबवणं मला कधीच जमलेलं नाही.

"तुमच्याच ड्रिलने, काका," मी म्हणाले. "काकूंनी दिलं."