सयाजीरावांनी काढलेली किरकिर

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या सयाजीराव टेलरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता: आपण बेतलेल्या ब्लाउजचा आणि आपल्या कानाचा. शनिवारच्या भजनात तंबोरा त्यांचाच. असा झंकार अख्ख्या म्हैसुरात नाही, हे तेच सगळ्यांना सांगत.

त्र्याऐंशी साली त्यांच्या माडीवर एलियास राहायला आला. ग्वाटेमालाचा पोरगा, धान्य टिकवायचं शिक्षण घ्यायला आलेला. सोबत मरिंबा घेऊन आला, म्हणजे लाकडी पट्ट्यांची रांग आणि प्रत्येक पट्टीखाली टांगलेला भोपळा. वाजवायचं काठ्यांनी. तिकडे लग्नाबारशाला हे हवंच म्हणे. सयाजीरावांना पोराचा असा लळा लागला, की एकादशीच्या भजनात तो वाजवणार, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं.

"भजन आहे का बँड?" मंडळाचे अध्यक्ष फत्तेसिंगराव म्हणाले. झालं, सयाजीरावांची इभ्रत पणाला लागली.

त्यात वाद्याला खोड! प्रत्येक सुरामागे माशी अडकल्यागत झर्रर. एकादशीच्या दुपारी एलियास बाहेर गेला तशी सयाजीरावांनी भोपळे तपासले. प्रत्येकाच्या बुडाशी बारीक भोक, त्यावर मेणाने चिकटवलेला पातळ पापुद्रा. सापडला चोर! त्यांनी सगळे पापुद्रे खरवडून मोरीत वाहवले, भोकं मेणाने नेटकी बुजवली आणि खुशीत दुसरी कॉफी प्यायले.

संध्याकाळी भरल्या भजनात एलियासने काठी मारली. टक. पुन्हा मारली. टक. त्याचा चेहराच उतरला.

"सर, आवाज गेला," तो तुटक्या कन्नडमध्ये म्हणाला.

"गेला नाही रे, एलियासप्पा. किरकिर तेवढी मी काढली."

"ते पापुद्रे माझ्या आजोबांनी लावले होते."

तेवढ्यात मागून सयाजीरावांच्या बायकोचा, नागरत्नाबाईंचा आवाज आला, "अय्यो, मग तुम्ही तंबोऱ्याला दोरा कशाला लावता हो? झणझण यायलाच ना, अल्लवा?"

सयाजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारेखाली दोरा सरकवून जो झंकार ते जन्मभर मिरवत आले, तोच त्यांनी पाहुण्याच्या वाद्यातून खरवडून काढला होता. फत्तेसिंगराव मिशीत हसत होते. सयाजीरावांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारांखालचे दोरे ओढून काढले आणि खिशात कोंबले. तार छेडली. नुसतं टण्.

"वाजव बाबा," ते म्हणाले. "आज मीही असाच वाजवतो."

एलियासने काठ्या उचलल्या. इतकं कोरडं भजन म्हैसुरात कधी झालं नसेल, पण आरतीपर्यंत एकही माणूस उठला नाही.